ग्रामोफोन कार्ट्रिज व सुईची जुळवणी

ग्रामोफोन कार्ट्रिज व सुईची जुळवणी म्हणजे ध्वनिमुद्रिकेची खाच, रेकॉर्ड प्लेअरचा टोनआर्म आणि ध्वनिवर्धक या तिन्हींना अनुरूप अशी सुई व कार्ट्रिज निवडण्याची प्रक्रिया होय. कार्ट्रिज हा टोनआर्मच्या टोकाला बसवलेला लहान भाग असून, खाचेतून फिरणाऱ्या सुईच्या कंपनांचे रूपांतर तो विद्युत संकेतात करतो. सुई आणि कार्ट्रिज अयोग्य असल्यास आवाज तर बिघडतोच, शिवाय खाचेची कायमची झीज होते. जुन्या मराठी ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्यांच्या मोजक्याच प्रती शिल्लक आहेत. त्यामुळे या विषयाला केवळ श्रवणसुखाचे नव्हे, तर सांस्कृतिक जतनाचेही महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ मध्ये कलकत्ता येथे ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्ग यांनी केली. त्यानंतर सुमारे सहा दशके भारतीय संगीत मुख्यतः लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांवर प्रसिद्ध होत राहिले. बालगंधर्वांची नाट्यपदे, अब्दुल करीम खाँ व केसरबाई केरकर यांचे ख्यालगायन, तसेच १९४२ मध्ये निघालेली भीमसेन जोशी यांची पहिली ध्वनिमुद्रिका ही सर्व याच प्रकारातील आहेत.

अमेरिकेत १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणि १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची तबकडी बाजारात आली. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या सुरू झाल्या. पाश्चात्त्य देशांत यानंतर ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लवकरच मागे पडल्या. भारतात मात्र त्यांचे उत्पादन १९६० च्या दशकातही चालू होते आणि 'बीटल्स' या इंग्रज वाद्यवृंदाची गाणीदेखील येथे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. त्यामुळे महाराष्ट्रातील एकाच घरातील संग्रहात लाखेच्या तबकड्या, चित्रपटगीतांच्या ईपी आणि 'गीतरामायण'सारख्या मालिकांच्या एलपी एकत्र आढळू शकतात. या सर्व तबकड्या एकाच सुईने वाजवता येत नाहीत.

खाच आणि सुईचा आकार

ध्वनिमुद्रिकेच्या खाचेचा छेद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असतो. योग्य आकाराची सुई खाचेच्या तळाला न टेकता दोन्ही भिंतींना स्पर्श करते. सुईच्या टोकाची त्रिज्या मायक्रोमीटरमध्ये मोजतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. सर्वसाधारण प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत :

• ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी : सुमारे ६५ ते ७५ मायक्रोमीटर
• मोनो एलपी : सुमारे २५ मायक्रोमीटर
• स्टिरिओ एलपी व ईपी, गोल टोक : सुमारे १५ ते १८ मायक्रोमीटर
• स्टिरिओ एलपी व ईपी, लंबवर्तुळाकार टोक : सुमारे ८ × १८ मायक्रोमीटर

एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत टाकल्यास ती थेट तळाशी जाते. तळाशी धूळ आणि लाखेचा चुरा साचलेला असल्याने खरखर वाढते व गाणे क्षीण ऐकू येते. याउलट ७८ ची जाड सुई एलपीच्या अरुंद खाचेत मावत नाही. ती खाचेच्या काठांवर घासत जाते आणि तबकडीचे भरून न येणारे नुकसान करते.

लंबवर्तुळाकार सुईची कड बारीक असल्याने खाचेतील सूक्ष्म वळणे, म्हणजेच उच्च स्वर, ती अधिक नेमकेपणे टिपते. मात्र अशा सुईला चांगला टोनआर्म आणि काळजीपूर्वक बसवणी लागते. जड टोनआर्म असलेल्या जुन्या यंत्रांत गोल टोकाची सुई अधिक सुरक्षित ठरते.

कार्ट्रिजचे प्रकार

स्फटिक व सिरॅमिक कार्ट्रिज : यांचे कार्य दाबविद्युत परिणामावर चालते. स्फटिकावर ताण पडला की विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब काही दशांश व्होल्ट इतका मोठा असल्याने साधे ध्वनिवर्धक पुरते. म्हणूनच बीएसआर व गॅरार्ड कंपन्यांची स्वस्त यंत्रे आणि भारतात लोकप्रिय झालेल्या एचएमव्ही 'फिएस्टा'सारख्या सुटसुटीत प्लेअरांमध्ये या जातीच्या कार्ट्रिजचा वापर होता. सुईवरील भार साधारणतः ३ ते ६ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असतो. अनेक सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये एका बाजूस ७८ ची व दुसऱ्या बाजूस एलपीची सुई असून छोटी कळ फिरवून त्यांची अदलाबदल करता येते.

चलचुंबक कार्ट्रिज : यात सुईच्या दांडीला लहान चुंबक जोडलेला असतो आणि तो स्थिर वेटोळ्यांजवळ कंप पावतो. संकेत सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो व भार बहुधा १ ते ३ ग्रॅम. सुईचा भाग हाताने काढून बदलता येतो. एकाच कार्ट्रिजसाठी एलपीची व ७८ ची अशा दोन सुया ठेवता येत असल्याने मिश्र संग्रहासाठी हा प्रकार सर्वांत सोयीचा ठरतो.

चलवेटोळे कार्ट्रिज : यात चुंबक स्थिर असून वेटोळी हलतात. संकेत बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहून कमी असल्याने अतिरिक्त वर्धन आवश्यक असते. सुई झिजल्यास बहुतेक वेळा संपूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी विकसित झालेले डेनॉन डीएल-१०३ हे या प्रकारातील प्रसिद्ध उदाहरण आहे.

टोनआर्मचे वस्तुमान आणि सुईची लवचिकता

सुईची दांडी रबरी आधारावर तोललेली असते. हा आधार किती सहज वाकतो त्याला लवचिकता म्हणतात. टोनआर्म व कार्ट्रिज यांचे वस्तुमान आणि ही लवचिकता मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी रचना तयार होते व तिला स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. ती पुढील सूत्राने काढता येते :

वारंवारता (हर्ट्झ) = १५९ ÷ √(एकूण प्रभावी वस्तुमान × लवचिकता)

येथे वस्तुमान ग्रॅममध्ये आणि लवचिकता मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटनमध्ये घेतात. ही वारंवारता ८ ते १२ हर्ट्झ असणे इष्ट मानले जाते. वाकड्या तबकडीमुळे होणारी वर-खाली हालचाल मुख्यतः याहून कमी वारंवारतेची, तर संगीत साधारणतः २० हर्ट्झहून अधिक वारंवारतेचे असते. अनुस्पंदन या दोहोंच्या मध्ये राहिल्यास त्यांपैकी कशालाही त्याची बाधा होत नाही.

उदाहरणार्थ, टोनआर्मचे प्रभावी वस्तुमान १८ ग्रॅम, कार्ट्रिजचे ६ ग्रॅम आणि स्क्रूंचे १ ग्रॅम धरल्यास एकूण वस्तुमान २५ ग्रॅम होते. लवचिकता १२ असेल तर वारंवारता सुमारे ९.२ हर्ट्झ येते आणि जोडी योग्य ठरते. लवचिकता ३० असेल तर ती ५.८ हर्ट्झपर्यंत घसरते. अशी सुई वाकड्या तबकडीवर हेलकावे खाते आणि प्रसंगी खाच सोडून उडी मारते. लवचिकता ५ असेल तर वारंवारता १४.२ हर्ट्झ होते.

म्हणून जड टोनआर्मला ताठ सुई आणि हलक्या टोनआर्मला लवचिक सुई हा सर्वसाधारण नियम आहे. श्युअर कंपनीच्या व्ही-१५ मालिकेतील लवचिक कार्ट्रिज जड टोनआर्मवर बसवल्यास महाग असूनही निराशा करते. काही जपानी उत्पादक लवचिकतेचे मोजमाप १०० हर्ट्झला देतात. १० हर्ट्झची किंमत त्याच्या अंदाजे दीडपट ते दुप्पट असते. तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

विद्युत जुळवणी

चलचुंबक कार्ट्रिजसाठी ध्वनिवर्धकाचा 'फोनो' प्रवेश ४७ किलो-ओहमचा असतो. तारांची व वर्धकाची एकत्रित धारिता उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, बहुधा १०० ते ३०० पिकोफॅरडच्या आसपास, असावी लागते. ती प्रमाणाबाहेर गेल्यास उच्च स्वरांचा तोल बिघडतो. सिरॅमिक कार्ट्रिजला साधारणतः १ मेगा-ओहम इतका मोठा रोध लागतो. त्यामुळे जुन्या सिरॅमिक प्लेअरमध्ये केवळ चलचुंबक कार्ट्रिज बसवून भागत नाही, स्वतंत्र फोनो वर्धकही जोडावा लागतो.

एलपीचे ध्वनिमुद्रण करताना मंद्र स्वर दाबले व तार स्वर उचललेले असतात आणि वाजवताना याच्या उलट क्रिया केली जाते. १९५४ च्या सुमारास यासाठी 'आरआयएए' हे समान प्रमाण स्वीकारले गेले. त्यापूर्वीच्या तबकड्यांत कंपनीपरत्वे फरक असल्याने ७८ च्या जाणकार श्रोत्यांना समायोजन बदलता येणारा वर्धक उपयुक्त ठरतो.

७८ च्या तबकड्यांत संगीत आडव्या कंपनांत कोरलेले असते. स्टिरिओ कार्ट्रिजच्या दोन वाहिन्या मोनो पद्धतीने एकत्र जोडल्यास उभ्या कंपनांतून येणारी खरखर बऱ्याच अंशी नाहीशी होते. याउलट जुने मोनो कार्ट्रिज उभ्या दिशेने ताठ असू शकते व अशा कार्ट्रिजने स्टिरिओ तबकडी वाजवल्यास तिची खाच खराब होते.

जुन्या यंत्रांच्या मर्यादा

गॅरार्ड ३०१ (१९५४) व थोरेन्स टीडी १२४ (१९५७) यांसारखी यंत्रे भक्कम असून योग्य टोनआर्मसह आजही वापरली जातात. घरगुती रेकॉर्ड चेंजरची स्थिती वेगळी आहे. तबकडी संपल्यावर यंत्रणा सुरू करण्याचे काम त्यात टोनआर्मलाच करावे लागते. १ ग्रॅम भारावर चालणारी नाजूक सुई अशा यंत्रात टिकत नाही आणि ३ ग्रॅम किंवा अधिक भार सहन करणारी सुईच निवडावी लागते. काही जुन्या मोटारींचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजच्या वेटोळ्यांत गुणगुण निर्माण करते. अशा वेळी उत्तम चुंबकीय आवरण असलेले कार्ट्रिज घ्यावे लागते.

हवामानाचा परिणाम

पूर्वीच्या काही स्फटिक कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षाराचा वापर होत असे. हा क्षार दमट हवेत ओलावा शोषतो आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसला विघटित होतो. कोकणातील दमटपणा आणि नंदुरबार, धुळे व जळगाव या खानदेशी जिल्ह्यांतील उन्हाळा या दोन्ही गोष्टी त्याला प्रतिकूल आहेत. खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर ते आणखी वाढते. वर्षानुवर्षे तेथे ठेवलेल्या यंत्रातील स्फटिक मृत झालेला असू शकतो. नंतरच्या सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये हा दोष बराच कमी आहे.

उष्णतेने व काळाने रबरी आधारही कडक होतो. त्यामुळे न वापरलेली पण कित्येक दशके जुनी सुई ही नवी समजता येत नाही. एलपीदेखील उष्णतेत वाकतात आणि वाकड्या तबकडीवर टोनआर्म-सुईची विसंगती लगेच उघड होते. म्हणून उष्ण प्रदेशात तबकड्या उभ्या व सावलीत ठेवणे हा जुळवणीचाच पूरक भाग ठरतो.

झिजलेल्या तबकड्या आणि जतन

हातकिल्लीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई वापरली जाई. तबकडीतील खनिज भुकटी त्या सुईला घासून खाचेच्या आकाराची करीत असे व प्रत्येक बाजू वाजवल्यावर सुई बदलणे अपेक्षित होते. सुई न बदलता वाजवलेल्या तबकड्यांच्या खाचा विशिष्ट उंचीवर झिजतात. अशी तबकडी निरुपयोगी ठरतेच असे नाही. थोड्या वेगळ्या त्रिज्येची सुई खाचेच्या न झिजलेल्या भागाला स्पर्श करू शकते. टोक छाटलेली सुई तळातील कचरा टाळते. त्यामुळे अभिलेखागारांत एकाच तबकडीसाठी अनेक आकारांच्या सुया वापरून सर्वांत स्वच्छ आवाज देणारी सुई निवडली जाते.

गतीकडेही लक्ष द्यावे लागते. आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७५ फेऱ्यांवर मुद्रित तबकडी ७८ वर वाजवल्यास गायकाचा षड्ज अर्धस्वराच्या सुमारे दोन-तृतीयांशाने चढतो.

अशा तबकड्यांचा संग्रह व अभ्यास करणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली. अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' अंतराळयानांवर १९७७ मध्ये पाठवलेल्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकर यांचे गायन आहे आणि तिच्यासोबत कार्ट्रिज, सुई व ती कशी ठेवावी याची आकृतीही दिलेली आहे.

बसवणी आणि देखभाल

बहुतेक कार्ट्रिज १२.७ मिलिमीटर अंतरावरील दोन स्क्रूंनी हेडशेलमध्ये बसतात. बसवताना पुढील बाबी तपासल्या जातात :

• टोनआर्म तोलून सुईवरील भार लहान काट्याने उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ठेवणे. फार कमी भारानेही खाच खराब होते, कारण सुई भिंतींवर आपटत राहते.
• सुईचे पुढे-मागे स्थान मोजपट्टीने ठरवणे. बेअरवाल्ड पद्धतीत १२ इंची एलपीसाठी मध्यापासून सुमारे ६६.० व १२०.९ मिलिमीटरवर सुई खाचेला स्पर्शरेषेत असते.
• समोरून पाहता सुई तबकडीशी काटकोनात असणे.
• टोनआर्मला आत ओढणाऱ्या बलाची भरपाई करणे.

नीलमण्याची सुई काही दशक तासांत झिजते, तर हिऱ्याची सुई आकार व निगेनुसार साधारणतः ५०० ते १,००० तास टिकते. झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात. वापराचा हिशेब अज्ञात असलेल्या जुन्या यंत्रात सुई आधी भिंगाखाली तपासणे किंवा बदलणे आणि त्यानंतरच दुर्मीळ तबकडी लावणे हा सुरक्षित क्रम मानला जातो.

हेही पाहा

• ग्रामोफोन
• ध्वनिमुद्रण
• केसरबाई केरकर
• नाट्यसंगीत
• दाबविद्युत