कुत्र्यांची गाडी, मोटारसायकल आणि अलास्काचा रस्ता

अलास्का अमेरिकेने 1867 साली रशियाकडून विकत घेतला खरा, पण उरलेल्या देशातून तिथे मोटारीने जायची सोय पुढची पंचाहत्तर वर्षं नव्हती. बहुतेक बोटीनेच जायचं. मध्ये कॅनडा पसरलेला, आणि शेजाऱ्याच्या सोयीसाठी आपल्या रानातून रस्ता काढायला कॅनडा पैसा का ओतेल? डोनाल्ड मॅक्डोनल्ड हा अभियंता वर्षानुवर्षं या रस्त्याचा पाठपुरावा करत होता. कागदावरची रेघ पायाखाली घातली ती क्लाइड विल्यम्सने.

सगळे त्याला ‘स्लिम’ म्हणत. सापळे लावून फरची जनावरं धरणारा हा माणूस 1932 च्या हिवाळ्यात कुत्र्यांची घसरगाडी जुंपून अलास्कातल्या कॉपर सेंटरहून निघाला, तो थेट शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला. वाटेत बर्फ संपलं तेव्हा त्याने गाडीला चाकं लावली. 1933 मध्ये तो पोहोचला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनाही भेटला. पण कुत्री गेली म्हणून मोटार जाईल, असं कोण मानणार? स्लिम पुन्हा निघाला तो या शंकेलाच उत्तर द्यायला, असं मला वाटतं.

1939 च्या मे महिन्यात तो आणि जॉन लोगन दोन बीएसए मोटारसायकली घेऊन फेअरबँक्सहून सिएटलकडे निघाले. वाहन अचूक निवडलेलं होतं. पायवाटेवर मावेल, तराफ्यावर चढेल, चिखलात रुतलं तर दोघांना ओढून काढता येईल. वाट नव्हती तिथे त्यांनी ती पाडली, नद्या तराफे बांधून ओलांडल्या. सिएटलला पोहोचेपर्यंत हिवाळा लागला होता. इंजिनाचं वाहन या रानातून पार होतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगमेहनतीने दाखवून दिलं.

रस्ता मात्र युद्धाने आणला. डिसेंबर 1941 मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, अलास्काच्या बचावासाठी रस्ता तातडीचा झाला आणि मार्च 1942 मध्ये काम सुरू झालं. दहा हजारांहून अधिक सैनिक राबले. त्यांतले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, आणि त्यांना त्यांचं श्रेय कितीतरी वर्षं कोणी दिलं नाही. नोव्हेंबरात रस्ता खुला झाला, सुमारे 2,700 किलोमीटरचा. पण तो स्लिमच्या वाटेने गेला नाही. लष्कराला विमानतळांची साखळी जोडायची होती, म्हणून रस्ता पूर्वेकडून, कॅनडातल्या डॉसन क्रीकहून निघाला. स्लिमने तुडवलेल्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातून उत्तरेला जाणारा स्ट्युअर्ट–कॅसियार मार्ग पुरा व्हायला 1972 साल उजाडलं.