हरण्याची नोकरी

'प्रमोशन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बँकेत प्रमोशन म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जे मिळतं ते. अमेरिकेतल्या धंदेवाईक कुस्तीत प्रमोशन म्हणजे कुस्त्या भरवणारी कंपनी. पहिल्या अर्थाशी माझी ओळख ऐकीव आहे. दुसऱ्याचा मात्र मी शाळेत असल्यापासून अभ्यास करत आलोय. घरात केबल आली, वर्गात डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आली, आणि ज्या वयात पाढे पाठ करायचे त्या वयात आम्ही अंडरटेकरचं वजन आणि आंद्रे द जायंटची छाती पाठ केली. पुढे बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, लेजरं जाऊन कॉम्प्युटर आले. पण अमेरिकेत सोमवारी रात्री कोण चितपट झालं हे कळल्याखेरीज माझा आठवडा काही मार्गी लागत नाही.

"पण ते सगळं खोटं असतं ना हो?" हा प्रश्न आमच्या घरात पंधरवड्यातून एकदा निघतोच. विचारणारी व्यक्ती त्या वेळी जी मालिका बघत असते, तिच्यातली थोरली सून अपघातात दोनदा गेलेली असते आणि तिसऱ्या खेपेला चेहरा बदलून परत आलेली असते.

खोटं असतं म्हणजे इतकंच, की निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात नुराचा नुसता वास आला तरी प्रेक्षक आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतात. अमेरिकेत लोक तिकीट काढून नुराच बघायला जातात. पैलवान खरेच आपटतात, हाडं खरीच मोडतात. शेवटी वर कोण आणि खाली कोण, एवढंच काय ते कचेरीत ठरतं. (आमच्या खात्याअंतर्गत मुलाखतींचंही तसंच असावं, असा एक संशय आहे. पण तो विषय निराळा.) हे ठरवणाऱ्याला 'बुकर' म्हणतात. आणि ठरल्याप्रमाणे हरून दाखवण्याला त्यांच्या बोलीत काय म्हणतात, ठाऊक आहे? 'जॉब करणे'! नेमानं हरणारा तो 'जॉबर'. हे कळल्यापासून "सध्या कुठे जॉब करता?" असं कुणी विचारलं की मी उत्तर देण्यापूर्वी जरा थांबतो.

मला विचाराल तर या धंद्याचा सगळा इतिहास किर्द-खतावणीचा आहे. इथे पैलवानाचं नाव नुसतं जिंकून मोठं होत नाही, कुणाला जिंकलं यावर होतं. म्हणजे मोठेपण हे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करावं लागतं. जुन्या ताऱ्यानं पंधरा वर्षं साठवलेली शिल्लक नव्या पोराकडे जायची असेल तर त्याची स्लिप एकच: चारचौघांदेखत पाठीला माती. अडचण अशी, की आज रात्रीची तिकिटं जुन्याच्या नावावर खपतात आणि दहा वर्षांनंतरची नव्याच्या. आणि सभागृहाच्या भाड्याचं बिल नेहमी आज रात्रीचंच असतं.

जुने लोक हिशेब नीट ठेवत. ब्रूनो सामार्टिनो हा न्यूयॉर्ककरांचा लाडका १९६३ पासून जवळजवळ आठ वर्षं चॅम्पियन होता. त्याच्या जागी पेद्रो मोरालेसला आणायचं होतं. पण एका लाडक्यानं दुसऱ्या लाडक्याला पाडलं तर टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? तेव्हा १८ जानेवारी १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयव्हन कोलोफ नावाच्या 'रशियन अस्वला'नं, जो मुळात कॅनडाचा होता, सामार्टिनोला पाडलं. सभागृह इतकं चिडीचूप झालं की आपले कान गेले की काय, असं खुद्द सामार्टिनोला वाटलं. एकवीस दिवसांनी मोरालेसनं कोलोफला पाडून पट्टा घेतला. कॉमर्सवाल्यांनी ओळखलं असेलच: हे आपलं सस्पेन्स खातं. रक्कम कुठे टाकायची ते जमेपर्यंत ठेवली तिथे एकवीस दिवस.

उलट उदाहरण व्हर्न गान्याचं. मिनियापोलिसच्या एडब्ल्यूएचा हा मालक, आणि तिथला मुख्य पैलवानही हाच. मालकच पैलवान असला की बुकरला निर्णय घेणं फार सोपं जातं. १९६० मध्ये गान्या चॅम्पियन होता. १९८१ मध्ये निवृत्त झाला तेव्हाही तोच चॅम्पियन होता, वय ५५. बरं, जाताना तरी कुणा तरण्या पोराकडून हरावं! तेही नाही. पट्टा नुसता निक बॉकविंकलच्या हवाली झाला, आणि हे नवे रक्त ४६ वर्षांचं होतं. त्याच सुमारास गान्याकडे पिवळ्या केसांचा एक धिप्पाड तरुण होता. तो येताच लोक खुर्च्यांवर उभे राहत. १९८३ मध्ये त्यानं बॉकविंकलला पाडलंही. पण आधी त्याला दोरावरून बाहेर फेकलं होतं, असं कारण काढून निकाल फिरवला. प्रेक्षक खवळले. तरुणानं वर्षअखेरीस चंबूगबाळं आवरलं आणि न्यूयॉर्कला व्हिन्स मॅकमहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेला. २३ जानेवारी १९८४ ला तिथे तो चॅम्पियन झाला. त्याचं नाव हल्क होगन. एडब्ल्यूए १९९१ मध्ये बंद पडली.

होगनच्या खात्यात खरी मोठी रक्कम आली ती १९८७ मध्ये, आंद्रे द जायंटकडून. २९ मार्चला पॉन्टियाकच्या स्टेडियममध्ये ९३,१७३ लोक होते असं कंपनी सांगते. जाणकार त्यातून बरेच वजा करतात. आंद्रे तेव्हा चाळिशीचा. पाठीचं ऑपरेशन झालेलं, धड चालवत नव्हतं. कंपनीनं जाहीर केलेलं वजन ५२० पौंड. असा माणूस स्वतःच्या राजीखुशीशिवाय कुणाला उचलू देईल? त्यानं उचलू दिलं. होगननं आपटलं आणि तिथून पुढे होगन म्हणजेच कुस्ती, असं समीकरण झालं. हिशेबाचा पहिला नियम आम्हाला अकरावीत शिकवला होता: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याची जमा. म्हणजे रीतसर बघितलं तर त्या रात्री पाठ टेकली आंद्रेची, आणि जमाही त्याचीच.

घेणाऱ्यानं पुढे काय केलं, ती खरी गंमत.

१९९४ मध्ये होगन टेड टर्नरच्या डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये गेला. टर्नर म्हणजे वाहिन्यांचा मालक. पैशाला तोटा नाही. आपल्याकडे म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. होगननं तो एक डाव चक्क करारात लिहून घेतला: आपण कधी, कुणाशी आणि कसे हरायचं यावर आपली संमती लागेल! मी ज्या दिवशी हे कलम वाचलं त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. आमच्या बदलीच्या ऑर्डरींना असं एक कलम हवं होतं.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. १९९६ च्या जुलैत होगननं खलनायक होऊन सगळ्यांना चकित केलं, आणि सोमवार रात्रीच्या चढाओढीत डब्ल्यूसीडब्ल्यूनं मॅकमहनला सलग ८३ आठवडे मागे टाकलं. कार्यक्रमाच्या पहिल्या तासात रे मिस्टेरियो, एडी गरेरो, क्रिस जेरिको अशी चपळ पोरं जिवावर उदार होऊन उड्या मारत. शेवटच्या तासात मोठी मंडळी येऊन माइकवर बोलत. कुठल्याही कचेरीत काम सकाळी कोण उपसतं आणि संध्याकाळच्या मीटिंगला कोण बोलतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात काही नवल वाटणार नाही. पण पहिल्या तासातली पोरं शेवटच्या तासात कधी पोचेनात. वाटेत फाटकच नव्हतं.

नाही म्हणायला गोल्डबर्ग नावाचा एक गडी सापडला होता. रोज कुणाला तरी दोन मिनिटांत लोळवायचा. ६ जुलै १९९८ ला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये चाळीस हजारांच्या आसपास लोकांसमोर त्यानं होगनला पाडलं. होगन हरला! पण कुठे, तर फुकटच्या टीव्हीवर. लोकांनी जादा पैसे मोजून पाहिली असती अशी कुस्ती त्या एका रात्रीच्या आकड्यांसाठी खर्ची घातली. मुदत ठेव मोडून चहा पाजण्यातला प्रकार. तरीही रक्कम वर्ग झाली होती हे खरं. सहा महिन्यांत ती परत काढून घेतली. डिसेंबरात केव्हिन नॅशनं गोल्डबर्गला हरवलं, आणि ४ जानेवारी १९९९ ला, त्याच जॉर्जिया डोममध्ये, होगन आणि नॅश समोरासमोर उभे राहिले. होगननं एक बोट पुढे केलं आणि नॅशच्या छातीला टेकवलं. सात फुटी नॅश वीज पडल्यासारखा आडवा झाला. होगन पुन्हा चॅम्पियन, वय ४५. माझ्या मते नुरा कुस्तीतसुद्धा एक इमान असतं. त्या बोटानं तेवढंही ठेवलं नाही.

त्याच रात्री त्यांच्या निवेदकानं कुचेष्टेनं सांगून टाकलं, की पलीकडच्या वाहिनीवर आज मिक फोली चॅम्पियन होणार आहे, काय ती गर्दी उसळेल! गर्दी खरंच उसळली. लाखो लोकांनी तत्क्षणी वाहिनी बदलली.

पलीकडे मॅकमहनकडे काय चाललं होतं? त्याच्याकडे तेव्हा टर्नरएवढा पैसा नव्हता, मोठी नावं निघून गेलेली. गरिबीत माणूस घरातल्याच मुलांकडे नीट बघू लागतो. त्यातला एक स्टीव्ह ऑस्टिन. डब्ल्यूसीडब्ल्यूनं १९९५ मध्ये तो जखमी असताना त्याला फोनवर काढून टाकलेलं. २३ मार्च १९९७ ला शिकागोजवळ त्याची ब्रेट हार्टशी कुस्ती झाली. कागदावर ब्रेट जिंकला. पण ब्रेटनं पाय मुरगळून धरलेले, ऑस्टिनचं तोंड रक्तानं माखलेलं, आणि तरी तो 'सोड' म्हणेना. शेवटी शुद्ध हरपली, शरण गेला नाही. कुस्ती सुरू झाली तेव्हा ब्रेट नायक होता आणि ऑस्टिन खलनायक. संपली तेव्हा उलट होतं. जिंकून दुसऱ्याला मोठं करण्याची ही कला मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. (त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉन्ट्रियलला कंपनी ब्रेटशी कशी वागली, ते लिहायला बसलो तर माझा रक्तदाब वाढतो.) वर्षभरात ऑस्टिन चॅम्पियन झाला आणि १३ एप्रिल १९९८ ला ८३ आठवड्यांची ती साखळी तुटली. १९९९ मध्ये जेरिकोही इकडे आला, २००० च्या जानेवारीत गरेरो आणखी तिघांना घेऊन आला. २००१ च्या मार्चमध्ये मॅकमहननं डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली.

जपानमध्ये जायंट बाबा होता. तोही गान्यासारखाच मालक आणि पैलवान. पण १९९० पर्यंत, पन्नाशी उलटल्यावर, तो आपणहून पत्रिकेच्या मधल्या भागात सरकला होता. इतर म्हाताऱ्यांबरोबर लोकांना हसवणाऱ्या कुस्त्या करायचा. त्या वर्षी त्याचा मोठा गडी तेनर्यू दुसऱ्या प्रमोशनमध्ये पळाला. हे नवं प्रमोशन चष्मे विकणाऱ्या एका कंपनीनं काढलेलं. बाबानं रडगाणं गायलं नाही. ८ जून १९९० ला तोक्योच्या बुडोकानमध्ये ३९ वर्षांच्या त्सुरुतानं २७ वर्षांच्या मिसावाकडून हार घेतली, आणि पुढची दहा वर्षं कंपनीला मुख्य पैलवान मिळाला.

इतकं सगळं लिहिल्यावर होगनवर दात खाणं सोपं आहे. पण मी बँकेतला माणूस. माझ्या पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. साठीला घरी गेलो की ग्रॅच्युइटी हातात पडेल. या पैलवानांना कंपनी नोकर मानतच नाही, कंत्राटदार मानते. पीएफ नाही, पेन्शन नाही. गुडघे गेले तर ते ज्याचे त्याचे. त्याची सगळी ठेव म्हणजे त्याचं नाव, आणि ती नव्या पोराच्या खात्यात भर, असं आपण त्याला सांगतो. मुंबईत १९६८ मध्ये दारासिंगनं ज्याला हरवून जगज्जेतेपद घेतलं तो लू थेझ तेव्हा ५२ वर्षांचा होता. पहिल्यांदा चॅम्पियन झाला होता १९३७ मध्ये, एकविसाव्या वर्षी. शेवटची कुस्ती तो १९९० च्या डिसेंबरात जपानमध्ये खेळला, वय ७४, समोर २७ वर्षांचा चोनो. हरला. आमच्या शाखेत चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसं हयातीचा दाखला द्यायला येतात, आणि त्यांना खुर्ची पुढे करावी लागते.

आणि प्रेक्षक तरी काय धुतल्या तांदळाचे? १७ मार्च २००२, टोरंटो. होगन ४८ वर्षांचा, समोर द रॉक २९ वर्षांचा. होगन या वेळी खलनायक होता, त्याला लोकांनी शिव्या घालायच्या असं कचेरीत ठरलेलं. पण तो आत आला मात्र, आणि सगळं स्टेडियम त्याच्या बाजूनं उभं राहिलं. रॉकला हुर्यो! ही कुस्ती मी अजूनही अधूनमधून लावतो. होगनला धड पळता येत नाही, ठेवणीतले तीनचार डाव तेवढे आहेत, आणि प्रत्येक डावाला लोक लहान मुलांसारखे ओरडतायत. शेवटी होगन पडला. रीतसर, मध्यभागी, पाठ टेकून. दोघांनी हात मिळवले.

रक्कम वर्ग झाली, खातं बंद, असं कुणालाही वाटलं असतं. पण तो आवाज मॅकमहननंही ऐकला होता. पाच आठवड्यांत होगनला पुन्हा चॅम्पियन केलं. मग त्यानंतर चार आठवड्यांनी पट्टा त्याच्याकडून काढून एका नव्या दमाच्या माणसाकडे सोपवला. तो माणूस अंडरटेकर, वय ३७.