ओट्यावर राहिलेल्या नूडल्स

पॅड थाई म्हणजे थायलंडच्या परतलेल्या तांदळाच्या नूडल्स. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घरात चिंच, गूळ, शेंगदाणे, अंडी असतातच. नूडल्सचं पाकीट तेवढं आणायचं. अर्धा तास पाण्यात भिजवल्या, तापल्या कढईत पाच-सात मिनिटं परतल्या, की ताट तयार. जेवणं होतात, थोड्या उरतात, पातेलं ओट्यावर राहतं. बेल्जियममध्ये असंच एक पातेलं ओट्यावर राहिलं होतं. त्यात गव्हाच्या नूडल्स, म्हणजे स्पॅगेटी होती.

1970 चं दशक. पहिला इशारा
ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्या. भात आदल्या दिवशी शिजवून रात्रभर बाहेर ठेवला होता, नंतर झटपट परतला होता. कारण सापडलं: बॅसिलस सेरियस हा जिवाणू. कच्च्या तांदळात त्याचे बीजाणू असतात आणि ते उकळत्या पाण्यातही तगतात. शिजलेलं अन्न कोमट राहिलं, की ते पुन्हा वाढू लागतात.

25 ऑगस्ट 2003. दुसरा इशारा
बेल्जियम. शुक्रवारी केलेलं पास्ता सॅलड शनिवारी सहलीला नेलं. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं आणि सोमवारी रात्री पाच भावंडांना वाढलं. त्याच जिवाणूमुळे पाचही आजारी पडली. सात वर्षांची मुलगी जेवणानंतर 13 तासांनी दगावली. त्या फ्रिजमधलं तापमान 14 अंश होतं. ही नोंद 2005 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

26 सप्टेंबर 2008. पाच दिवस आधी
पुन्हा बेल्जियम. एका घरात टोमॅटो सॉस घातलेली स्पॅगेटी होते. उरलेली स्वयंपाकघरातच राहते, फ्रिजबाहेर. पुढचे पाच दिवस ती टाकून द्यायला वेळ होता.

1 ऑक्टोबर, संध्याकाळी 6 च्या सुमारास. दहा तास आधी
20 वर्षांचा विद्यार्थी कॉलेजातून घरी येतो. स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खातो. एव्हाना याच जिवाणूने अन्नात सेर्युलाइड नावाचं विष सोडलेलं असतं. हे विष 126 अंशांवर 90 मिनिटं तापवलं तरी टिकतं. खाऊन तो लगेच खेळायला बाहेर पडतो.

अर्ध्या तासाने
तो परत येतो. डोकं दुखतंय, पोटात दुखतंय, मळमळतंय. उलट्या सुरू होतात आणि कित्येक तास थांबत नाहीत. औषध घेतलं जात नाही. तो फक्त पाणी पितो.

मध्यरात्र. चार तास आधी
दोनदा पातळ जुलाब होतात. त्यानंतर तो झोपी जातो. घरात शांतता होते.

2 ऑक्टोबर, पहाटे 4
शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी काढलेली मृत्यूची अंदाजे वेळ ही.

सकाळी 11
मुलगा अजून उठला नाही म्हणून आईवडील खोलीत जातात.

तपासणी
स्पॅगेटीच्या दर ग्रॅममागे 14.8 मायक्रोग्रॅम सेर्युलाइड निघालं. सॉसमध्ये हा जिवाणू नव्हता. विद्यार्थ्याच्या यकृताच्या पेशी मेल्या होत्या.

असा मृत्यू विरळा. या जिवाणूने आजारी पडलेले बहुतेक लोक दिवसभरात बरे होतात. पण कोण बरा होईल आणि कुणाचं यकृत हात टेकेल, हे पहिल्या उलटीला सांगता येत नाही.

आता हेच घड्याळ मांजरसुंब्यात लावून पाहा. मे महिना, रात्रीचे 8. नूडल्स उरल्या. 32 अंशांपेक्षा जास्त उकाडा असेल, तर शिजलेल्या अन्नाला बाहेर एकच तास मिळतो. थंडीच्या दिवसांत दोन. म्हणजे 9 वाजेपर्यंत त्या फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत, खोल पातेल्यात नव्हे तर पसरट डब्यात, म्हणजे लवकर गार होतात. फ्रिज 5 अंशांखाली हवा. रात्री वीज गेली आणि तासन्‌तास आली नाही, तर फ्रिज हे नुसतं कपाट उरतं. 2003 च्या त्या घरात 14 अंशांनी हेच केलं. सकाळी वास येत नाही, चव बदललेली नाही, म्हणून अन्न चांगलं असं धरू नका. या विषाला वासही नाही, चवही नाही.

तेव्हा नूडल्स माणसं मोजूनच भिजवा. रात्रभर बाहेर राहिलेल्या नूडल्स असोत की भात, अन्न वाया जातं म्हणून जीव तुटतो, तरी टाकून द्या. जनावरांपुढेही ठेवू नका. आणि असं काही खाऊन कुणाच्या उलट्या थांबत नसतील, गुंगी येत असेल, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. त्याच रात्री गाडी काढा आणि बीडला दवाखान्यात न्या. काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं, हे डॉक्टरांना आधी सांगा.