जीपच्या आसातील दात

मोटारीची थोरवी आपण बहुधा तिच्या इंजिनाच्या अश्वशक्तीवरून ठरवितो. परंतु ती शक्ती चाकांपर्यंत कोणत्या प्रमाणात पोहोचते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आसाच्या मध्यभागी क्राऊन आणि पिनियन ही दोन दंतचक्रे असतात. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असले, तर पिनियनाचे ५.३८ फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरते. हा आकडा मोठा असला की ओढ वाढते, पण वेग घटतो. लहान असला की वेग मिळतो, पेट्रोल वाचते, पण चढणीवर गाडीची दमछाक होते. दोन्ही लाभ एकाच वेळी पदरात पडत नाहीत.

अमेरिकेत ही निवड ग्राहकाच्या हौसेवर सोडलेली असे. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीची जीटीओ ही बलाढ्य मोटार निघाली. तीन गिअरांची, चार गिअरांची की स्वयंचलित, हे घेणाऱ्याने सांगावे. आसाचे नेहमीचे प्रमाण ३.२३, पण शर्यतीचा शौक असेल तर ३.९० घ्यावे, अशी सोय कारखान्यातच होती.

आपल्याकडे आलेल्या जीपची कथा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या आसाचे प्रमाण ४.८८ होते. १९४५ साली तीच गाडी शेतकऱ्यासाठी नव्याने काढताना कंपनीने ते ५.३८ केले आणि ‘लो’ गिअरही अधिक मंद केला. सैनिकाला रस्ता लवकर कापायचा होता. शेतकऱ्याला नांगर ओढायचा होता. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केली. भारतात दीर्घकाळ बनलेल्या सीजे-३बी जीपमध्येही ५.३८ हेच प्रमाण राहिले. पहिला गिअर आणि ‘लो’ एकत्र टाकले, की इंजिनाच्या सुमारे ३७ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होई. मिनिटाला २००० फेरे घेणारे इंजिन त्या गाडीला ताशी जेमतेम ७ किलोमीटर नेई.

ही मंदगती म्हणजे उणीव नव्हे. पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद जिल्हा डोळ्यांपुढे आणा. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता. २०१४ पासून तेलंगणात आहे. कापसाची काळी जमीन, उटनूरकडील डोंगराळ मुलूख, निर्मलहून उत्तरेस येताना लागणारा महबूब घाट. पावसाळ्यात त्या काळ्या मातीचा चिखल चाकांना लिंपून बसतो. अशा वाटेवरील गोंडांच्या पाड्यात एखादा रोगी अडला असेल, तर ताशी शंभर किलोमीटरची गाडी काय कामाची? तेथे चारही चाकांना ओढ देत पायी चालणाऱ्याच्या चालीने सरकणारे वाहनच पोहोचेल.

अर्थात या गुणाची किंमतही द्यावी लागते. आज नागपूर-हैदराबाद महामार्गावर अशी जुनी जीप आणली, तर तिचे इंजिन कर्कश ओरडू लागते आणि मागून आलेल्या मोटारी सहज पुढे निघून जातात. म्हणून तिला मागासलेली म्हणू नये. ती या रस्त्यासाठी घडलेलीच नव्हती. जुने वाहन पारखताना केवळ त्याचा रंग आणि इंजिन पाहू नका. आसातील दातही मोजा. कोणत्या वाटेसाठी आणि कोणत्या माणसासाठी ते निर्माण झाले, याची नोंद तेथे आहे.