वितरित परिचालन प्रणालींतील पारदर्शकता

वितरित परिचालन प्रणालींतील पारदर्शकता : जाळ्याने जोडलेले अनेक स्वतंत्र संगणक वापरणाऱ्यास एकाच संगणकासारखे भासावेत, अशा रीतीने त्यांचे वेगळेपण झाकण्याच्या गुणधर्मास पारदर्शकता म्हणतात. सार्वजनिक व्यवहारात या शब्दाने सर्व काही उघड असणे सूचित होते. येथे अर्थ निराळा आहे. स्वच्छ काचेतून पलीकडची वस्तू दिसते, काच दिसत नाही. त्याचप्रमाणे येथे काम झालेले दिसते, ते कोणत्या यंत्रावर झाले हे दिसत नाही.

पारदर्शकतेचे अनेक प्रकार मानले जातात. जवळचे व दूरचे साधन एकाच आज्ञेने हाताळता येणे ही प्रवेश पारदर्शकता. साधन कोठे आहे हे जाणण्याची गरज नसणे ही स्थान पारदर्शकता. फाइलीच्या अनेक प्रती असूनही ती एकच वाटणे ही प्रतिकृती पारदर्शकता. आणि एखादा घटक निकामी झाला तरी काम अखंड चालणे ही बिघाड पारदर्शकता होय.

यांपैकी स्थान पारदर्शकतेचे तत्त्व महाराष्ट्राच्या भूमी अभिलेखांवरून सहज समजते. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत सातबारा उताऱ्यासाठी खातेदारास पूर्वी तलाठ्याचे दप्तर गाठावे लागे. अभिलेख संगणकावर आल्यानंतर, आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागल्यानंतर, जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक सांगणे पुरेसे झाले. यातील तालुका हा नोंदीच्या नावाचा भाग आहे, यंत्राचा पत्ता नव्हे. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव मिळाल्यामुळे नोंदी साठविणारे यंत्र जागचे हलत नाही. तसेच यंत्र हलविले तरी गट क्रमांक बदलत नाही. नाव व ठिकाण यांची ही फारकत स्थान पारदर्शकतेचा पाया होय.

इतिहास : अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ईथरनेट या स्थानिक जाळ्याची कल्पना मांडली गेली. स्वतंत्र संगणक परस्परांशी जलद बोलू लागताच त्यांचे एकसंध यंत्र घडविण्याचे प्रयत्न सुरू झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स शाखेत जेराल्ड पोपेक व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या लोकस प्रणालीचे वर्णन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात १९८२ मध्ये अनेक युनिक्स संगणकांच्या फाइलवृक्षांना एका सामाईक मुळाशी जोडण्यात आले. दूरच्या यंत्रावरील कार्यपद्धती स्थानिक असल्याप्रमाणे बोलाविण्याच्या तंत्राची मांडणी अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये केली. अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या मार्गदर्शनाखाली ॲम्स्टरडॅम येथे घडलेली अमीबा प्रणालीही याच परंपरेतील होय.

मर्यादा : ठिकाण झाकणे साधले, तरी बिघाड झाकणे दुष्कर ठरले. एकटा संगणक बंद पडला तर सारेच थांबते. जाळ्यात मात्र काही भाग चालू व काही बंद अशी स्थिती उद्भवते. उत्तर आले नाही, तर विनंती पोहोचली नाही, की काम होऊन उत्तर वाटेत हरवले, हे विनंती करणाऱ्यास निश्चित कळू शकत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या १९८५ च्या सुमारास प्रचारात आलेल्या जाल फाइल प्रणालीत, दूरचा संगणक बंद पडल्यास आज्ञावली तो पुन्हा सुरू होईपर्यंत ताटकळत ठेवण्याची सोय होती. त्यामुळे आज्ञावलीपासून बिघाड झाकला जाई, परंतु वापरणाऱ्याचे काम अडून राही. लोकस प्रणालीने वेगळा मार्ग घेतला. जाळे दुभंगल्यावर दोन्ही भागांत एकाच फाइलीत बदल झाले व त्यांचा मेळ आपोआप घालता आला नाही, तर तो विरोध वापरणाऱ्यास कळविला जाई.

जिम वॉल्डो व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये स्थानिक व दूरस्थ वस्तूंमधील भेद पूर्णपणे झाकू नये, असे प्रतिपादन केले. विलंब, स्मृतीचा वापर, अंशतः बिघाड व समकालिक क्रिया ही त्यांची कारणे होत. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला व २००२ मध्ये सिद्ध झालेला सिद्धांत असे सांगतो की, जाळे दुभंगलेले असताना सर्व प्रतींची सुसंगती आणि प्रत्येक विनंतीस उत्तर या दोन्हींची हमी एकाच वेळी देता येत नाही.

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या परम ८००० या महासंगणकात ट्रान्सप्यूटर एकमेकांना संदेश पाठवून काम करीत. तेथे वेग हे उद्दिष्ट असल्याने कामाची वाटणी व संदेशांचा खर्च यांचा विचार आज्ञावली लिहिणाऱ्यास करावा लागे. सारांश, कोणती गोष्ट झाकावी हे उद्दिष्टावर अवलंबून असते.

डोंगराळ गावातून फेरफारासाठी ऑनलाइन अर्ज करताना संपर्क तुटल्यास हा प्रश्न केवळ तात्त्विक उरत नाही. नोंद झाली असे खोटे भासल्यास जमिनीच्या हक्काची कारवाई खोळंबते. झाली नाही असे समजून अर्ज पुन्हा केल्यास तीच नोंद दुबार होऊ शकते. प्रत्येक अर्जास एकमेव क्रमांक देऊन पुनरावृत्त विनंती ओळखणे हा त्यावरील मान्य उपाय आहे. यंत्राचे ठिकाण झाकलेले असले तरी चालते. नोंदीची अवस्था मात्र खातेदारास स्पष्ट दिसली पाहिजे.