श्वानांचा कोरडा डोळा : सूक्ष्मजीवांवर भिस्त किती?

वसई-विरारमधील सदनिकांत पाळल्या जाणाऱ्या पग, शिह त्झू, ल्हासा अॅप्सो या जातींच्या श्वानांत डोळे कोरडे पडण्याचा विकार विशेष आढळतो. डोळ्यांत सतत चिकट, पिवळट चिपडे येतात, डोळा लाल होतो आणि बुबुळाची चकाकी जाते. मालक त्यास साधा संसर्ग समजून प्रतिजैविकांचे थेंब घालत राहतात. दरम्यान बुबुळावर काळपट थर चढून दृष्टी मंदावते.

कारण व निदान

बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर हल्ला करते. डिस्टेंपर, सल्फा गटातील औषधे किंवा तिसऱ्या पापणीतील ग्रंथी काढून टाकणे, हीदेखील कारणे असतात. निदानासाठी शर्मर चाचणी केली जाते. खालच्या पापणीत कागदी पट्टी एक मिनिट ठेवतात. ती १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजल्यास अश्रू पुरेसे मानतात. १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजल्यास विकाराचा संशय बळावतो.

नवी दिशा

निरोगी डोळ्यावरही जीवाणूंची वस्ती असते. जनुकीय तपासणीतून कोरड्या डोळ्यातील ही वस्ती बदललेली दिसते. आतड्यातील सूक्ष्मजीव प्रतिकारशक्तीला वळण लावतात, म्हणून प्रोबायोटिक किंवा मलप्रत्यारोपणाने डोळ्याचा दाह शमेल काय, याचा शोध सुरू आहे. अमेरिकेत कोरड्या डोळ्याच्या १० मानवी रुग्णांवर मलप्रत्यारोपणाची प्राथमिक चाचणी झाली. परंतु इतक्या छोट्या चाचणीवरून उपचार ठरत नाही. श्वानांच्या बाबतीतही हे उपचार अद्याप प्रस्थापित नाहीत. घरचे दही अथवा प्रोबायोटिकची भुकटी डोळ्यात घालणे तर सर्वथा धोक्याचे आहे.

सिद्ध उपचार

सायक्लोस्पोरिन हे औषध प्रतिकारशक्तीचा हल्ला आवरते. श्वानांसाठीच्या त्याच्या मलमास अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. माणसांसाठीचे थेंब त्यानंतर २००२ मध्ये आले. मलमाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि ते बहुधा आयुष्यभर, सहसा दिवसातून दोनदा लावावे लागते. बुबुळावर जखम असताना स्टिरॉइडचे थेंब घातल्यास डोळा गमावण्याची भीती असते.

शर्मर चाचणी साध्या दवाखान्यातही होऊ शकते. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नव्या उपचाराची वाट पाहावी. मात्र तोवर पट्टीची चाचणी लांबवू नये.