वांग्याचे आईबाप

मराठीत ‘हायब्रीड’ हा शब्द रुळला तो ज्वारीमुळे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे ती घराघरांत पोहोचली आणि बघता बघता जे जे दिसायला टपोरे पण चवीला फिके, ते ते सारे ‘हायब्रीड’ ठरू लागले. उंच वाढलेल्या, पण चार पावले चालून दमणाऱ्या नातवालाही म्हाताऱ्या हायब्रीड म्हणू लागल्या. पण मंडळी, व्यापारी प्रमाणावर शेतकऱ्यांच्या हाती संकरित बियाणे पडले, अशी जगातली पहिली भाजी कोणती? टोमॅटो नव्हे, मिरचीही नव्हे. तो मान आपल्या वांग्याचा आहे. आणि ही गोष्ट आपल्याकडे घडली नाही. ती घडली जपानमध्ये.

वांग्याला माणसाने शेतात आणले ते भारतात आणि त्याच्या पूर्वेकडच्या प्रदेशात. तिथून ते चीनमार्गे जपानला गेले. आठव्या शतकातल्या जपानी नोंदींत वांगे आहे. तिथे त्याचा मानही मोठा. नववर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत दिसणे सर्वांत शुभ, दुसरा ससाणा आणि तिसरे वांगे, असे जपानी लोक मानतात. अशा देशात, टोकियोच्या उत्तरेला असलेल्या सायतामा प्रांताच्या सरकारी कृषी प्रयोग केंद्रात योइची काकिझाकी नावाचे संशोधक वांग्यावर काम करत होते. १९२४ साली या केंद्राने संकरित वांग्याचे बी शेतकऱ्यांसाठी खुले केले. २०२४ मध्ये या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली.

दोन वेगळ्या वाणांची संतती आईबापांपेक्षा जोमदार निघते, हे तेव्हा नवे राहिले नव्हते. चार्ल्स डार्विनने १८७६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला होता. वांग्यातला हा जोम अमेरिकेतील मेन राज्यात मन्सन यांनी १८९२ मध्येच नोंदवला होता. पण तो नोंदीतच राहिला. जपानमध्ये तो शेतात उतरला, याला एक कारण रेशमाचे किडे. तोयामा कामेतारो या शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये रेशीमकिड्यांच्या संकराचा फायदा दाखवून दिला आणि १९१० च्या दशकात सरकारने संकरित अंडी वाटायला सुरुवात केली. त्यामुळे ‘पहिल्या पिढीचे घ्यायचे, पुढच्या वर्षी पुन्हा नवे आणायचे’ ही रीत तिथल्या खेडुताला परकी नव्हती. वांग्याच्या बियाने तीच वाट धरली. १९३१ साली काकिझाकींचा या विषयावरचा विस्तृत शोधनिबंध अमेरिकेतील ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात छापून आला.

आता प्रश्न असा, की वांगेच का? याचे उत्तर त्याच्या फुलात आहे. वांग्याचे जांभळे फूल मोठे असते. त्यात नर आणि मादी दोन्ही अंगे एकत्र नांदतात. पिवळे पुंकेसर मधल्या स्त्रीकेसराभोवती कोंडाळे करून उभे असतात आणि मिठाच्या डबीला असावे तसे त्यांच्या टोकाला भोक असते. त्यातून पराग सांडतो. बहुतेक वेळा फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून वांग्याचे वाण पिढ्यान्‌पिढ्या बऱ्यापैकी शुद्ध राहतात आणि संकरासाठी आईबाप जवळजवळ तयारच मिळतात. मक्यासारखी आधी वर्षानुवर्षे शुद्ध वंश घडवण्याची यातायात करावी लागत नाही.

प्रत्यक्ष संकर मात्र हातानेच करावा लागतो. उद्या उमलणार अशी कळी आज दुपारनंतर हेरायची. चिमट्याने ती अलगद उघडून सगळे पुंकेसर काढून टाकायचे. स्त्रीकेसराला धक्का लागला तर कळी वाया. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलातला पराग त्याच्या टोकाला लावायचा आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. दोरा नसलेले फळ मागाहून तोडून टाकायचे. राहिलेले वांगे हिरवे-जांभळे असताना काढायचे नाही; ते झाडावरच पिवळे पडेपर्यंत पिकू द्यायचे. मग ते चिरून, कुस्करून, पाण्यात धुऊन बी काढायचे. तळाशी बसते ते भरीव बी, वर तरंगते ते पोचट.

एवढी मेहनत परवडते कशी? हिशेब सोपा आहे. एका पिकल्या वांग्यात हजाराच्या घरात बिया निघू शकतात. झाडे ९० सेंटिमीटरच्या चौफुलीवर लावली, तर हेक्टरला सुमारे साडेबारा हजार रोपे पुरतात. म्हणजे पंधरा-वीस फळांचे बी एका हेक्टरला पुरेल. उलट ज्वारीची हेक्टरी झाडे लाखाच्या पुढे आणि फुले इवलीशी; तिथे चिमटा चालवणे अशक्य. म्हणून ज्वारीत परागच न देणारी ‘नरवंध्य’ मादी सापडावी लागली, मगच संकर शक्य झाला. वांग्याला अशा कशाची गरज पडली नाही. त्याला हवा होता फक्त माणसाचा स्थिर हात.

भारतात या विषयाला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत चालना मिळाली. बी. पी. पाल आणि हरभजन सिंग यांनी वांगे आणि कारले यांच्यातील संकरजोमाविषयी १९४६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. हेच पाल पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘कृष्णा’ हा संकरित वाण दिला. जांभळ्यावर पांढरे पट्टे असलेले, काटेरी देठाचे वांगे. आणि खासगी बाजूने जालना पुढे आले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणानंतर भाजीपाल्याच्या बियाण्यांचा बाजार आणखी खुला झाला आणि खेड्यापाड्यांतल्या कृषी केंद्रांत रंगीत पाकिटांच्या माळा लटकू लागल्या. आज जालना आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हा परिसर संकरित भाजीपाला बीजोत्पादनासाठी ओळखला जातो. शेडनेटखाली चिमटे घेऊन कळ्या उघडणारे हात बहुतांशी बायकांचे असतात. सायतामातली करामत त्या रोज करतात.

आता पाकीट फोडलेल्या शेतकऱ्याकडे वळू. सुधारित वाणाचे बी हेक्टरी ४०० ते ५०० ग्रॅम लागते. संकरित बी १२० ते १५० ग्रॅममध्ये भागते. पण ते महाग असल्याने एकेक दाणा जपावा लागतो. गादीवाफ्यावर नाहीतर ट्रेमध्ये कोकोपीटात बी टाकायचे. पाणी झारीने, बेताचे. वाफा गच्च ओला राहिला की रोपे बुडाशी कुजून माना टाकतात. पाच-सहा आठवड्यांत रोप पाच-सहा पानांचे झाले की लावणी. संकरित झाड पसरते, म्हणून अंतर ऐसपैस ठेवायचे. शेणखत, खताचे हप्ते आणि पाणी यांत कुचराई चालत नाही. संकरित वाणाचा जोम खाऊन-पिऊनच दिसतो. लावणीनंतर दहा-बारा आठवड्यांत पहिला तोडा येतो आणि मग दर चार-आठ दिवसांनी तोडे चालू. फळ चकचकीत आहे तोवर तोडायचे. चकाकी गेली की बी जून झाले म्हणून समजावे.

या सगळ्यात वैरी एकच, शेंडे आणि फळे पोखरणारी अळी. शेंडा मान टाकतो, तो खुडून नष्ट केला नाही, तर तीच अळी पुढे फळात शिरते. संकर कितीही जोमदार असो, या अळीपुढे त्याचे काही चालत नाही. फवारणीवर फवारणी होते ती हिच्यापायी. बीटी वांग्याचा जन्मही हिच्याचमुळे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. त्यावर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये मान्यता दिली आणि २०१४ मध्ये रोपे शेतकऱ्यांना वाटली. त्यातली एक बाब आपल्याकडच्या वादात फारशी बोलली गेली नाही. बांगलादेशाने ते जनुक तिथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या सरळ वाणांत घातले होते, संकरित वाणांत नव्हे. म्हणजे शेतकऱ्याला त्याचे बी घरी धरता येते.

सगळ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. संकरित वांग्याचे बी घरी धरून पेरले तर उगवत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. ते उगवते, पण एका वाफ्यात एक झाड आजीच्या वळणावर, दुसरे आजोबांच्या, तिसरे भलतेच. फळ कुठे लांबट, कुठे गोल. आणि संकराचा जोम एका पिढीत साधारण निम्मा ओसरतो. बाजारात असा मिसळीचा माल कोण घेणार? म्हणून शेतकरी पुन्हा दुकानात जातो. यात कुणाचे कपट नाही, हा आनुवंशिकतेचा नियम आहे. पण त्याचा परिणाम मोठा आहे. पूर्वी सर्वांत चांगले वांगे बियासाठी झाडावर राखले जाई आणि त्याचे बी राखेत कालवून घरातल्या गाडग्यात जाई. बी आणि पीक एकाच घरी होते. संकराने त्यांची फारकत केली. पीक शेतकऱ्याकडे राहिले. बियाचे आईबाप ज्याच्या कुलपात, बी त्याचे. आपल्या संसदेने २००१ मध्ये कायदा करून शेतकऱ्याला घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क दिला. संकरित वांग्याच्या बाबतीत तो हक्क कागदावर शाबूत आहे. मात्र वापरावा असे त्यात उरत नाही.

म्हणून संकरित बी टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. त्याने शेतकऱ्याच्या हाती पैसा आला आणि शहरांना बारमाही वांगे मिळाले, हे नाकारता येणार नाही. माझे सांगणे आईबापांविषयी आहे. संकराला वाण लागतात आणि ते प्रयोगशाळेत आकाशातून पडत नाहीत. ते येतात मांजरीच्या गोट्यातून, खानदेशच्या हिरव्या भरताच्या वांग्यातून, कृष्णाकाठच्या मळीच्या रानातल्या वांग्यातून. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी गाडग्यात राखलेले हे बी म्हणजेच सगळ्या संकरांचे भांडवल. ते दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत थंडाव्यात जपले जाते, हे चांगलेच. पण शेतातही ते दरसाल पेरले गेले पाहिजे. कारण शेतातला वाण बदलत्या हवामानाशी झुंजत पुढे जातो, डबीतला आहे तिथेच थांबतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या बियांची बँक उभारली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामागचा अर्थ हाच आहे.

काकिझाकींचे केंद्र सरकारी होते. त्यांनी जुळवलेले आईबाप जनतेच्या मालकीचे होते. राहुरीच्या ‘कृष्णा’चेही तसेच. पाकिटावर कुणाचेही नाव असो, आईबापांची एक जोडी तरी सार्वजनिक संस्थेकडे आणि एक ओळ तरी शेतकऱ्याच्या बांधाला असली पाहिजे. ती ओळ मोडली, तर पुढचा संकर कशाचा करायचा?